कप नव्हे, सीसी

ब्रेस्ट इम्प्लांटचं माप ब्राच्या कपात नसतं, सीसीत म्हणजे मिलिलिटरमध्ये असतं. मैत्रिणीला शोभलेले 300 सीसी आपल्याला शोभतीलच असं नाही. अरुंद छातीवर तेच ठसठशीत दिसतं, रुंद छातीवर जेमतेम कळतं. म्हणून सर्जन आधी स्तनाच्या तळाची रुंदी मोजतात, मग कातडी चिमटीत धरून तिची जाडी आणि ताण बघतात. तळापेक्षा रुंद इम्प्लांटची कड काखेकडे हाताला लागू शकते. फार जड असेल तर कातडी पातळ होऊन ओघळते. घरी अंदाज घ्यायचाय? मापाच्या भांड्याने 300 मिली तांदूळ मोजून पातळ मोज्यात भरा, ब्रामध्ये ठेवा आणि दिवसभर वावरा. जिना चढा, भाजी आणा. अंदाजच हा, पण संध्याकाळी खांदे काय म्हणतात ते सर्जनना जरूर सांगा.