वापरलेल्या पिकअपची पारख

महाराष्ट्रात 'पिकअप' हा शब्द ज्या मालगाडीसाठी रूढ आहे ती तीन भागांची असते: पुढे दोन-तीन माणसांपुरती केबिन, मागे उघडा लोखंडी हौदा आणि या दोहोंना खालून पेलणारी चौकट, म्हणजे चासी. वापरलेली गाडी घ्यायला निघालेले बहुतेक खरेदीदार यांपैकी पहिल्या भागाकडे सर्वाधिक, दुसऱ्याकडे थोडे आणि तिसऱ्याकडे जवळजवळ मुळीच पाहत नाहीत. गाडीचे उरलेले आयुष्य मात्र प्रामुख्याने तिसऱ्या भागावर आणि इंजिनावर अवलंबून असते, आणि या दोहोंची अवस्था गाडीने आजवर काय वाहिले आहे यावरून ठरते.

या वर्गाचा पसारा मोठा आहे. टाटा मोटर्सने २००५ मध्ये आणलेली 'एस' ही दोन सिलिंडरची छोटी गाडी 'छोटा हत्ती' या टोपणनावाने गावोगाव पोचली. तिच्याहून मोठ्या, अधिकृतपणे सव्वा ते पावणेदोन टन माल वाहणाऱ्या गाड्यांत महिंद्राची बोलेरो पिकअप आणि अशोक लेलँडची 'दोस्त' यांचा भरणा आहे. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट, लासलगावात कांदा, पहाटे दुधाचे कॅन, लग्नसराईत मंडपाचे सामान आणि पावसाळ्याआधी वाळू-विटा हे सारे याच गाड्यांतून जाते. त्यामुळे बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पिकअपचा पूर्वेतिहास अगदी भिन्न असू शकतो.

मोटारीची किंमत करताना चाललेले किलोमीटर हे मुख्य माप धरले जाते. पिकअपच्या बाबतीत ते फसवे ठरते, आणि त्याचे कारण मीटर मागे फिरवता येतो एवढेच नाही. पुण्याहून कोल्हापूरला बिस्किटांची खोकी पोचवत महामार्गावर एक लाख किलोमीटर चाललेली गाडी आणि नदीपात्रातून ओली वाळू भरून खड्ड्याखड्ड्यांतून चाळीस हजार किलोमीटर चाललेली गाडी यांत दुसरी अधिक म्हातारी असते. बंदरावरून मासळी वाहणाऱ्या गाडीचा प्रकार आणखी वेगळा. वितळलेल्या बर्फाचे खारट पाणी हौद्यातून रोज चासीवर ठिबकत राहते आणि लोखंड आतून गंजत जाते, तरी वरचा रंग पुष्कळ काळ शाबूत दिसतो. दुधाची गाडी एका दिवसाचीही विश्रांती न घेता धावलेली असली, तरी तिचे ओझे आणि रस्ता ठरलेला असल्यामुळे ती पुष्कळदा बरी निघते. म्हणून 'किती चालली' याआधी 'काय भरत होती' हे विचारावे, आणि उत्तर विक्रेत्याच्या तोंडून मिळाले तरी ते हौद्याच्या फळीवरील चरे, कोपऱ्यांतील वाळू आणि तळाचा गंज यांच्याशी पडताळून पाहावे.

चासी म्हणजे दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. तिच्याखाली, मागील आसाच्या दोन्ही बाजूंना 'पाटे' असतात. एकावर एक रचून मध्यभागी बांधलेल्या पोलादी पट्ट्यांची ही कमान ओझ्याने दबते आणि धक्का गिळते. पाट्यांची टोके ज्या ब्रॅकेटांनी तुळईला अडकवलेली असतात, त्या जागी ताण एकवटतो. म्हणून तडे बहुधा तिथेच पडतात आणि तिथेच ते वेल्डिंग करून बुजवले जातात. वेल्डिंगच्या उष्णतेने आसपासच्या पोलादाची ताकद बदलत असल्याने पुढचा तडा जोडाच्या शेजारी पडण्याची शक्यता असते. गाडी जुनी असून चासीचा काळा रंग तेवढा ताजा असेल, तर तो रंग सौंदर्यासाठी दिलेला नाही, असेच गृहीत धरावे.

जादा माल भरता यावा म्हणून पाट्यांत एखादी पट्टी वाढवून घेण्याची पद्धत सर्वत्र आहे, आणि विक्रेता ती गाडीचा गुण म्हणून सांगतो. तिचा एक परिणाम फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे ठरवणारी एक झडप असते, आणि गाडीत किती ओझे आहे याचा अंदाज ती आस व चासी यांच्यातील अंतरावरून घेते; ओझ्याने चासी खाली आली की मागच्या चाकांना जास्त ब्रेक मिळतो. पाटे कडक केले की गाडी पूर्ण भरूनही चासी पुरेशी खाली येत नाही, झडपेला गाडी हलकीच वाटते, आणि नेमकी जास्त ओझे असलेली गाडी मागच्या चाकांच्या अपुऱ्या ब्रेकवर घाट उतरू लागते. वाढवलेला पाटा हा म्हणूनच जादा भाराचा कबुलीजबाब समजावा.

इंजिनाची परीक्षा करण्यापूर्वी डिझेल इंजिनाचे तत्त्व लक्षात घेतलेले बरे. पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, तर सिलिंडरातील हवा साधारण सोळा ते अठरापट दाबली जाते, त्या दाबाने तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. याचा अर्थ असा की दाब हाच डिझेल इंजिनाचा प्राण आहे, आणि पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर झिजले की दाब निसटू लागतो. ही झीज सर्वांत आधी थंड इंजिन सुरू करताना कळते, कारण गरम इंजिनात उरलासुरला दाबही काम भागवतो. गिऱ्हाईक येण्याआधी गाडी एक फेरी मारून आणण्याचा रिवाज यामुळेच पडला आहे. म्हणून बॉनेट उघडण्याआधी त्यावर हात ठेवून पाहावा आणि ते गरम लागले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा यावे.

इंजिन सुरू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल केले की थोडी वाफ येणे स्वाभाविक आहे, पण झाकण उडू लागले आणि धुराचे झोत येऊ लागले, तर दाब रिंगांवरून खाली निसटतो आहे असे समजावे. गॅरेजात याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात, आणि त्याचा अर्थ इंजिन बांधण्याचा, म्हणजे उघडून बोअर-पिस्टनचे काम करण्याचा, खर्च जवळ आला असा होतो. धुराचा रंगही बोलका असतो. काळा धूर अर्धवट जळलेल्या डिझेलचा, म्हणजे कोंदलेल्या एअर फिल्टरचा किंवा बिघडलेल्या नोझलचा. निळसर धूर ऑइल जळत असल्याचा. तर इंजिन तापल्यावरही टिकणारा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा किंवा सिलिंडरात शिरणाऱ्या पाण्याचा. ऑइल काळे आहे म्हणून घाबरण्याचे कारण नाही, डिझेल इंजिनात ते काजळीमुळे लवकरच काळे होते. मात्र ते दुधाळ चहासारखे दिसले किंवा रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आढळला, तर पाणी आणि ऑइल यांना वेगळे ठेवणारे हेड गॅसकेट गेले असण्याचा किंवा हेडलाच तडा गेला असण्याचा दाट संशय घ्यावा. क्लचसाठी एक सोपी कसोटी आहे: हँडब्रेक घट्ट ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडला असता इंजिन बंद पडले पाहिजे, ते चालूच राहिले, तर क्लच प्लेट संपली आहे.

कोणत्या वर्षाची गाडी घ्यावी, हा प्रश्न मुळात प्रदूषणाच्या निकषांचा आहे. भारतात बीएस-४ हा निकष १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाला आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आला. या टप्प्यांबरोबर इंजिनांची जातच बदलत गेली. जुन्या इंजिनात यांत्रिक पंप डिझेल पुरवतो आणि त्याची दुरुस्ती तालुक्याच्या गावचा कारागीरही करू शकतो. नंतरच्या 'कॉमन रेल' पद्धतीत एका समाईक नळीत हजार-दीड हजार बारपर्यंतच्या दाबाने डिझेल साठवून संगणकाच्या हुकमाने ते फवारले जाते, त्यामुळे गाडी कमी डिझेलमध्ये जास्त ओढते, पण बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. बीएस-६ गाड्यांत आणखी एक भाग आला, तो म्हणजे धुरातील काजळी अडवणारी गाळणी, डीपीएफ. साचलेली काजळी अधूनमधून सुमारे ६०० अंशांवर जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग, वेगाने धावावी लागते. शेतापासून चार-पाच किलोमीटरवरच्या बाजारात जाऊन परतणाऱ्या गाडीला ही संधी मिळत नाही. गाळणी कोंदते, आणि ती जाळण्यासाठी सोडलेले जादा डिझेल ऑइलमध्ये उतरून त्याची पातळी चढते. म्हणून नियमित लांब पल्ल्याची भाडी असतील, तर बीएस-६ गाडी घ्यावी. गावातल्या गावात वाहतूक करणाऱ्याला सुस्थितीतील बीएस-४ गाडी अधिक सोयीची पडेल, असे स्पष्ट म्हणायला हरकत नाही.

कागदपत्रांत पाहण्याची पहिली गोष्ट म्हणजे आरसी पुस्तकावरील बोजा. गाडी कर्जावर घेतली असेल, तर वित्तसंस्थेचे नाव आरसीवर असते. संस्थेचे ना हरकत पत्र आणि नमुना क्रमांक ३५ यांच्या आधारे ते उतरवून घेतल्याशिवाय गाडी पूर्णपणे विक्रेत्याची होत नाही. थकीत ई-चलन, कर आणि योग्यता प्रमाणपत्र, ज्याला बोलीभाषेत 'पासिंग' म्हणतात, हे सारे केंद्र सरकारच्या 'वाहन' संकेतस्थळावर पडताळावे आणि चासीवर ठोकलेला क्रमांक आरसीशी अक्षरशः जुळवावा. मालवाहू गाडीचे पासिंग पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावे लागते, त्यामुळे सात वर्षांच्या आणि नऊ वर्षांच्या गाडीत केवळ दोन वर्षांचा फरक नसतो. एकूण भारित वजन, म्हणजे गाडी, माल आणि माणसे मिळून कमाल अनुज्ञेय वजन, ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार परवान्यातून सूट आहे. त्याहून जड गाडीला परवाना लागतो. चालकाच्या बाबतीत मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हलक्या वाहनाचा परवाना ७,५०० किलोपर्यंतच्या मालगाडीला पुरतो, असा निर्वाळा दिला आहे.

विसार देऊन ताबा घेतला की व्यवहार संपला, ही समजूत सर्वांत महाग पडते. राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे, असे कलम ५० सांगते. त्यासाठी नमुना क्रमांक २९ आणि ३० आहेत. कोरे नमुने सही करून एजंटाच्या हाती देण्याची सवय विक्रेत्याच्याच अंगाशी येऊ शकते, कारण नोंद बदललेली नसेल, तर अपघाताची भरपाई आरसीवर ज्याचे नाव आहे त्याच्याकडूनच वसूल होईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. इकडे खरेदीदाराची अडचण वेगळी असते. विम्यातील तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर येते, परंतु गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण विमा कंपनीच्या दप्तरी नाव लागल्याशिवाय मिळत नाही.

गाडी दारात आल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर आणि कूलंट बदलावे. गिअरबॉक्स आणि मागच्या हाऊसिंगचे ऑइल तर अनेक गाड्यांत पहिल्या मालकाच्या काळापासून तसेच असते. कूलंटऐवजी बोअरचे जड पाणी ओतल्यास आत क्षार साचतात, उष्णता बाहेर पडत नाही आणि हेड गॅसकेट जाते. डिझेल फिल्टरखालच्या कपात साचलेले पाणी, विशेषतः पावसाळ्यात, वरचेवर सोडावे, कारण कॉमन रेल इंजिनाचे पंप आणि नोझल यांना वंगण डिझेलचेच असते आणि पाण्याने ते लवकर निकामी होतात. टर्बोचार्जर मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. भरलेली गाडी घाट चढून आल्यावर लगेच बंद केली, तर त्याच्या बेअरिंगमधले तापलेले ऑइल जळून तिथेच कोळसा होते, तेव्हा ती मिनिटभर सुरू ठेवून मग बंद करावी. पाट्यांच्या पिना आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस यांना ग्रीस द्यावे, आणि गाडी दाबाच्या पाण्याने धुतल्यावर तर ते आवर्जून द्यावे. कसाऱ्यासारखा घाट न्यूट्रलमध्ये उतरल्याने जेवढे डिझेल वाचते, त्यापेक्षा कितीतरी पट ब्रेकचे नुकसान होते. शिवाय गिअरमध्ये उतरताना पाय उचलला की आधुनिक इंजिन डिझेल घेतच नाही, त्यामुळे ही बचतही बव्हंशी काल्पनिक आहे.

या सगळ्याची नोंद ठेवायला एक वही पुरते: तारीख, किलोमीटर, बदललेला भाग, भरलेले ऑइल आणि जमल्यास कोणता माल कुठे नेला हेही. अशी वही गाडीबरोबर मिळणे दुर्मीळ आहे. मिळाली, तर त्या गाडीसाठी बाजारभावापेक्षा पाच-दहा हजार रुपये जास्त मोजायला हरकत नाही.