परदेशी प्रकल्प, सल्लागार कंपनी आणि आपली सही

जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेला अभियंता, राहुरीच्या कृषी विद्यापीठात हयात घालवलेला शास्त्रज्ञ, महापालिकेचा पाणीपुरवठा सांभाळलेला अधिकारी. अशा माणसांना निवृत्तीनंतर कधीतरी एक ईमेल येतो. नेपाळमध्ये किंवा इथिओपियात जागतिक बँकेच्या कर्जातून सिंचनाचे काम निघाले आहे, आपला अनुभव त्याला अगदी जुळतो, तेव्हा सोबतच्या नमुन्यात सीव्ही भरून, सही करून परवापर्यंत पाठवावा. खाली एका सल्लागार कंपनीचे नाव. आपण रात्री जागून सीव्ही भरतो, आणि मग कित्येक महिने चिडीचूप. पलीकडे काय चालले आहे ते माहीत असले तर निम्मा मनस्ताप वाचतो. म्हणून हा व्यवहार पहिल्या पायरीपासून पाहू.

आधी कोण कोणाचा, ते. पैसा बँकेचा असला तरी आपला करार बँकेशी नसतो. जागतिक बँक किंवा मनिलाची आशियाई विकास बँक त्या देशाच्या सरकारला कर्ज देते. बहुतेक प्रकल्पांत त्या सरकारचे खाते सल्लागार कंपनी नेमते आणि कंपनी आपल्याला. आपल्याकडचा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पही जागतिक बँकेच्या अर्थसाह्याचाच, त्यामुळे ही उतरंड कित्येकांनी खात्याच्या बाजूने पाहिलेली असते. परदेशी कामात आपण तिच्या अगदी तळाशी असतो. मानधन थकले म्हणून बँकेला पत्र लिहिले, तर हा आपला आणि कंपनीचा मामला आहे, असेच उत्तर येण्याची शक्यता जास्त.

पहिला टप्पा स्वारस्य कळवण्याचा, म्हणजे ‘एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट’चा. कंपन्या आपापल्या जुन्या कामांची माहिती देतात आणि खाते त्यांतून थोड्या कंपन्या निवडते. जागतिक बँकेच्या २०१६ च्या खरेदी नियमांनुसार हा आकडा साधारण ५ ते ८ असतो. या टप्प्यावर तज्ज्ञांचे मूल्यमापन होत नाही, आणि जाहिरातीत तसे बहुधा लिहिलेलेच असते. म्हणून इथेच कोणी सही केलेला सीव्ही घाईने मागू लागले, तर ‘प्रस्तावाच्या वेळी देतो’ असे निःसंकोच सांगावे.

निवडलेल्या कंपन्यांकडून पुढे प्रस्ताव मागवतात. पाकिटे दोन, एक तांत्रिक आणि एक आर्थिक. तांत्रिक पाकीट आधी उघडतात. त्यात किमान गुण मिळाले नाहीत, तर आर्थिक पाकीट न उघडताच परत जाते. अंतिम गुणांत तांत्रिक बाजूला ८० आणि किमतीला २० असे वजन बऱ्याचदा असते. जागतिक बँकेच्या नेहमीच्या नमुन्यात तांत्रिक १०० पैकी ३० ते ६० गुण प्रमुख तज्ज्ञांच्या सीव्हींना दिलेले असत. मोठे नाव, परदेशातले मुख्य कार्यालय, गुळगुळीत माहितीपुस्तिका हे सगळे ठीक आहे, पण कंपनी जे विकते त्यातला मोठा भाग आपला सीव्ही असतो.

आणि सर्वांत जास्त घोटाळा होतो तो इथेच. कंपनीत प्रस्ताव लिहिणारी तरुण मंडळी वेगळी असतात. प्रकल्पाला हवा तो अनुभव सीव्हीत दिसावा म्हणून ती मजकुरावर हात फिरवतात. मांडणी बदलली तर हरकत नाही. पण उपविभागीय अधिकारी होतो त्याचे ‘टीम लीडर’ होते, ७ वर्षांची ९ होतात, कधी न पाहिलेला देश यादीत शिरतो. खालच्या प्रतिज्ञापत्रावर सही मात्र आपली असते, आणि त्यात स्पष्ट लिहिलेले असते की माहिती खोटी निघाल्यास अपात्र ठरवले जाईल किंवा कामावरून काढले जाईल. जागतिक बँकेने बंदी घातलेल्यांची यादी सर्वांना पाहता येते आणि तिच्यात कंपन्यांबरोबर व्यक्तींचीही नावे असतात. म्हणून सहीचा सुटा स्कॅन कोणालाही पाठवू नये. अंतिम मजकूर मागवावा, प्रत्येक पान वाचावे, मगच सही करावी आणि एक प्रत स्वतःकडे ठेवावी. ‘वेळ नाही, आम्हीच सही चिकटवतो’ असे म्हणणाऱ्या कंपनीबरोबर काम न केलेलेच बरे.

सही करण्यापूर्वीच पैशाचे बोलून घ्यावे. आपल्याकडे याचा फार संकोच. ‘आधी काम तर मिळू दे’ असे आपण म्हणतो आणि तिथेच फसतो. कारण असे की, खात्याशी वाटाघाटी चालू असताना कंपनीला प्रमुख तज्ज्ञ बदलता येत नाही. मृत्यू, आजारपण किंवा निवडप्रक्रियेला झालेला अवाजवी विलंब अशा हाताबाहेरच्या कारणांचाच अपवाद. काम सुरू झाल्यावर मात्र योग्य कारण दाखवून आणि खात्याची संमती घेऊन, तेवढ्याच किंवा जास्त पात्रतेचा माणूस आणता येतो, तोही त्याच किंवा कमी दराने. म्हणजे कंपनीला आपली खरी गरज असते ती खात्याशी करारावर सही होईपर्यंत.

मग काय विचारावे? दर किती आणि कोणत्या चलनात, घरून किती दिवस आणि प्रत्यक्ष प्रकल्पस्थळी किती, विमानभाडे, राहणे, दैनिक भत्ता, आजारपणाचा विमा कोणाकडे. ही उत्तरे फोनवर नकोत, ईमेलवर हवीत. दुसऱ्या कंपनीच्या प्रस्तावात नाव देता येईल का, हेही विचारावे. निविदेच्या अटींत मुभा असेल तर तज्ज्ञाचे नाव एकाहून जास्त प्रस्तावांत चालते, पण कंपनीने ‘फक्त आमच्याकडेच’ असे लिहून घेतले असेल तर आपण अडकतो.

दराचा हिशेब ‘मनुष्य-महिन्या’वर चालतो, म्हणजे एका माणसाचे एका महिन्याचे काम. जागतिक बँकेच्या नमुन्यात महिना २२ कामाच्या दिवसांचा आणि दिवस किमान ८ तासांचा धरतात. समजा, आपला दर महिना ६,६०० डॉलर ठरला. २२ ने भागले तर दिवसाचे ३०० पडतात, ३० ने भागले तर २२०. कंपनीने भागाकार ३० ने केला आणि दिवस मात्र कामाचेच मोजले, तर महिनाभर राबून हाती ४,८४० येतात. करारात भाजक कोणता, ते शोधून काढावे.

कंपनी खात्याकडून आपल्या नावावर बरेच जास्त घेते, हे कळल्यावर अनेकांचा संताप होतो. तो पूर्ण रास्त म्हणता येणार नाही. त्या दरात कार्यालयीन खर्च आणि नफा धरलेला असतो, आणि हरलेल्या प्रस्तावांचा खर्चही कुठूनतरी निघावा लागतो. मात्र भविष्यनिर्वाह, रजा, विमा अशा खर्चापोटी खात्याकडून पैसे घ्यायचे आणि आपल्याला त्यातले काहीच द्यायचे नाही, हे मला पटत नाही. तिथे घासाघीस जरूर करावी.

निकालाची वाट पाहण्याचा काळ लांबतो. दर महिन्याला दोन ओळींचा ईमेल टाकून ठेवावा. हरल्यावर कळवण्याची तसदी पुष्कळ कंपन्या घेत नाहीत. मोठ्या कामांचे कंत्राट कोणाला गेले ते बँकेच्या संकेतस्थळावर सापडू शकते.

काम मिळाले की पहिला दस्तऐवज म्हणजे प्रारंभिक अहवाल, त्यात कामाची आखणी असते. त्यापुढे अंतरिम, मसुदा आणि अंतिम अहवाल. अडचण येते ती मसुद्यावर. खाते अभिप्राय द्यायला महिने लावते, तोवर आपले ठरलेले दिवस संपतात आणि कंपनी म्हणते, ‘किरकोळच बदल आहेत, करून टाका.’ ते किरकोळ काम आठवडाभर पुरते. कंपनीचा खात्याशी करार ठोक रकमेचा आणि आपला कंपनीशी दिवसांवर असेल, तर जादा दिवसांचे पैसे कंपनीच्या नफ्यातून जाणार, म्हणून ती द्यायला नाखूश असते. दुरुस्तीसाठी किती दिवस, हे सुरुवातीलाच करारात घालून घ्यावे. टाइमशीट, म्हणजे कामाच्या दिवसांची नोंद, दर आठवड्याला भरून टीम लीडरची सही घ्यावी. टीम लीडर मध्येच बदलतात, आणि नवा माणूस जुन्या दिवसांवर सही करायला कचरतो.

पैशाच्या कलमात ‘खात्याकडून रक्कम मिळाल्यावर’ असे शब्द असले तर तिथे थांबावे. कालावधीवर आधारित करारात बिल मिळाल्यापासून ६० दिवसांत खात्याने पैसे द्यावेत, अशी अट नमुन्यात असते, पण परदेशी सरकारी खात्याचा वेग आपल्या हातात नसतो. तो धोका कंपनीने पेलावा, आपण नव्हे. ‘बिल दिल्यापासून ४५ दिवस’ अशी ठाम मुदत मागावी. नाहीच जमले तर निदान प्रवासखर्चाची आगाऊ रक्कम घ्यावी. बोर्डिंग पास जपून ठेवावेत, त्यांच्यावाचून भाड्याची परतफेड अडते.

परदेशात कर कापला गेला तर त्याचे प्रमाणपत्र लगेच मागावे, म्हणजे दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार इथे सवलत मागता येते. त्या देशातच कराराचा लाभ मागायचा, तर आपल्या आयकर खात्याकडचा रहिवासी दाखला आधीच काढावा. वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली तर जीएसटीची नोंदणीही पाहावी लागते. हे चार्टर्ड अकाउंटंटला निघण्यापूर्वी विचारावे, परतल्यावर नव्हे.

शेवटचे काम अनुभवपत्राचे. अंतिम अहवाल मंजूर झाला की प्रकल्पाचे कार्यालय बंद होते, अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात आणि कंपनीतले आपल्या ओळखीचे लोक नोकरी सोडून जातात. म्हणून परतीच्या तिकिटाआधीच खात्याच्या किंवा कंपनीच्या कागदावर आपले पद, कामाचे महिने आणि स्वरूप लिहून घ्यावे, खाली संपर्कासाठी एका अधिकाऱ्याचे नाव असावे. पुढच्या प्रस्तावाच्या सीव्हीत प्रत्येक कामासमोर अशा संपर्काचा रकाना भरावा लागतो.