शंकरपटाची पत्रके आणि हॉकीची चित्रे

खेळाडूंची छापील चित्रे जमवण्याचा छंद तंबाखूच्या व्यापारातून जन्माला आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटच्या नाजूक पाकिटाला ताठपणा यावा म्हणून त्यात पुठ्ठ्याचा एक तुकडा घालत असत. अमेरिकेतील आणि इंग्लंडमधील कंपन्यांनी त्या कोऱ्या तुकड्यावर खेळाडूंची आणि नट्यांची चित्रे छापायला सुरुवात केली, आणि संच पुरा करण्याच्या हव्यासापायी गिऱ्हाईक त्याच कंपनीकडे पुन्हा पुन्हा येऊ लागले. कॅनडात पुढे ही चित्रे च्युइंगमबरोबर मिळू लागली. तिथली ‘हॉकी कार्डे’ बर्फावरच्या हॉकीची असतात आणि त्यांचा बाजार आपल्याला चक्रावून टाकणारा आहे: वेन ग्रेट्झ्की या खेळाडूचे १९७९ सालच्या मोसमातले एक कार्ड २०२१ मध्ये साडेसदतीस लाख डॉलरला विकले गेले. ही किंमत चित्राची कमी आणि त्याच्या अवस्थेची अधिक होती, कारण या व्यापारात त्रयस्थ संस्था कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाई मध्यभागी आहे का हे तपासून त्याला १ ते १० असे गुण देतात, आणि दहापैकी दहा गुण मिळालेल्या त्या कार्डाच्या प्रती जवळजवळ नाहीतच.

१९२८ ते १९५६ या काळात सलग सहा ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणाऱ्या भारतात मैदानी हॉकीभोवती असा कोणताही उद्योग उभा राहिला नाही, आणि म्हणून भारतीय हॉकीच्या संग्राहकाला परक्या आणि आडवळणाच्या वस्तूंवर भागवावे लागते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने जर्मनीतील एका सिगारेट कंपनीने दोन खंडांचा चित्रसंग्रह काढला होता. ग्राहकाने पाकिटातील कुपने साठवून त्यांच्या बदल्यात छायाचित्रे मिळवायची आणि छापील मजकुरामध्ये सोडलेल्या रिकाम्या चौकटींत ती डकवायची, अशी त्याची रचना होती. याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, १५ ऑगस्ट १९३६ रोजी, ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली भारताने जर्मनीचा ८-१ असा पराभव केला. देशी वस्तूंमध्ये ध्यानचंद यांचे १९५२ साली निघालेले ‘गोल’ हे इंग्रजी आत्मकथन, आशियाई स्पर्धेतील विजयानिमित्त १९६६ मध्ये आणि ध्यानचंद यांच्या स्मरणार्थ १९८० मध्ये निघालेली टपाल तिकिटे, आणि खडकीच्या धनराज पिल्ले यांच्या काळातील नियतकालिकांची कात्रणे यांचा समावेश होतो. क्रिकेटचे नशीब याहून बरे: बिग फन बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे एका पिढीने जिवापाड जपली, संदीप पाटील यांच्या संपादनाखाली ‘एकच षटकार’ हे मराठी पाक्षिक चालले, आणि पुण्यात रोहन पाटे यांच्या संग्रहातून क्रिकेटचे स्वतंत्र संग्रहालय २०१२ मध्ये उभे राहिले.

क्रीडाविषयक चित्रपटांच्या वस्तू, म्हणजे पोस्टर, चित्रपटगृहाच्या दर्शनी भागात लावली जाणारी छायाचित्रे आणि गाण्यांच्या पुस्तिका, यांची कथा वेगळी आहे. मुळात हे चित्रपटच थोडे. देव आनंद क्रिकेटपटूच्या भूमिकेत असलेला ‘लव्ह मॅरेज’ १९५९ चा, महिला हॉकीवरचा ‘चक दे! इंडिया’ २००७ चा, आणि नागपूरच्या झोपडपट्टीतील फुटबॉलचे प्रशिक्षक विजय बारसे यांच्या कार्यावर आधारलेला नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ २०२२ चा. जुने पोस्टर भिंतीवर खळीने चिकटवले जाई आणि पुढच्या चित्रपटाचे पोस्टर त्याच्यावरच चढे. त्यामुळे जी प्रत आज हाती येते ती बहुधा भिंतीवर न गेलेली, वितरकाच्या गोदामात किंवा रद्दीत पडून राहिलेली असते. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने १९६४ पासून चित्रफितींबरोबर पोस्टर आणि पुस्तिकाही जमवल्या, ही दूरदृष्टी मानावी लागेल.

विदर्भातील राजुऱ्यासारख्या गावी या कागदांना आणखी एक अर्थ येतो. वर्धा नदीच्या पलीकडचे बल्लारपूर मध्य प्रांतात होते, तर राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होते. १९५९ मध्ये ते चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्याला जोडले गेले. चित्रपट वितरणाच्या व्यवसायात ‘सीपी बेरार’ (मध्य प्रांत व वऱ्हाड) आणि ‘निजाम’ (जुने हैदराबाद राज्य) ही प्रदेशांची नावे आजही टिकून आहेत, आणि म्हणून अशा सीमेवरच्या गावात मिळालेल्या पुस्तिकेवर किंवा पोस्टरच्या पाठीवर कोणत्या गावच्या वितरकाचा रबरी शिक्का आहे, हे पुढच्या चित्राइतकेच महत्त्वाचे ठरते. शिक्का डाग समजून पुसणारा व्यापारी त्या कागदाची निम्मी माहिती पुसतो.

कागद टिकवणे मात्र इथे कठीणच. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि लगेच पावसाळ्याचा दमटपणा येतो. स्वस्त कागदातील आम्ले या उष्णतेत लवकर काम करतात, कागद पिवळा पडून घडीवर तुटतो, आणि उरलेले काम वाळवी व कसर करतात. पत्र्याच्या पेटीत भिंतीपासून दूर, आम्लरहित कागदाच्या थरांमध्ये वस्तू सपाट ठेवणे हा साधा उपाय आहे, तर लॅमिनेशन हा उपाय नसून नाश आहे, कारण चिकटलेले प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही.

चंद्रपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांचा स्वतःचा असा क्रीडा-संग्रह होऊ शकेल तो शंकरपटाच्या पत्रकांचा. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत दिवसा पट आणि रात्री नाटक असा बेत असतो, त्यामुळे खेळाची आणि रंगभूमीची जाहिरात एकाच हंगामात, अनेकदा एकाच गावासाठी छापली जाते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये अशा शर्यतींवर बंदी घातली आणि डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला अटींसह परवानगी दिली. मधल्या वर्षांची पटाची पत्रके संग्रहात कमी दिसली तर ते संग्राहकाचे अपयश समजू नये, ती पोकळीही इतिहासाचीच आहे. या पत्रकांची खरी अडचण अशी, की त्यांवर तारीख आणि वार असतो, पण साल पुष्कळदा नसते. तेव्हा तारीख आणि वार कोणत्या वर्षी जुळतात ते पंचांगात पाहावे, पाहुण्यांच्या यादीतील आमदार-खासदार कोणत्या निवडणुकीत निवडून आले होते ते तपासावे, आयोजकांचा दूरध्वनी क्रमांक घरचा आहे की दहा आकडी मोबाइलचा तेही पाहावे, आणि ठरलेले साल पत्रकावर न लिहिता सोबतच्या वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने नोंदवावे.