गीतगौरवाचे कार्यक्रम आणि कवीची नाममुद्रा

एखाद्या कवीची गीते अनेक नामवंत गायकांनी एकाच रंगमंचावर येऊन गावयाची आणि त्या निमित्ताने कवीचा गौरव करावयाचा, हा कार्यक्रमप्रकार आता महाराष्ट्रात चांगलाच रुळला आहे. मैफलीचा धनी गायक असतो. कीर्तनात कथेला आणि हरिनामाला प्राधान्य असते. कविसंमेलनात कवी आपली रचना स्वतःच म्हणतो. गीतगौरवाच्या कार्यक्रमात मात्र ज्याच्या नावाने श्रोते जमतात तो बहुधा गात नाही, आणि पुष्कळदा तो हयातही नसतो. असा कार्यक्रम नेमके काय साधतो हा प्रश्न वरवर संगीताचा दिसतो. वस्तुतः शब्दांचे कर्तृत्व लोकांच्या स्मरणात कोणत्या उपायाने टिकते, हा त्यातील मूळ प्रश्न आहे, आणि म्हणून भाषेच्या अभ्यासकालाही तो टाळता येत नाही.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण बुलढाणा जिल्ह्यात सापडते. कवी ना. घ. देशपांडे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९०९ रोजी या जिल्ह्यातील सेंदुरजन येथे झाला. मेहकर येथे त्यांनी वकिली केली. मुंबई-पुण्याच्या वाङ्मयीन वर्तुळापासून ते आयुष्यभर दूर राहिले आणि १० मे २००० रोजी निवर्तले. त्यांची 'शीळ' ही कविता १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जी. एन. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवर आली आणि घरोघर पोहोचली. मराठी भावगीताच्या इतिहासाचा आरंभ सांगताना या मुद्रिकेचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. तथापि त्याच नावाचा त्यांचा पहिला काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला तो १९५४ साली. म्हणजे सुमारे दोन तपे महाराष्ट्र हे गीत गुणगुणत होता आणि कवीचे पुस्तक अस्तित्वात नव्हते. अशा परिस्थितीत गीत गायकाच्या नावावर जमा व्हावे यात नवल नाही. कवीचे नाव मुळीच उरले याचेच नवल वाटावयास हवे.

जुन्या मराठी कवितेने या अडचणीवर आपला उपाय शोधून ठेवला होता. तो म्हणजे नाममुद्रा. अभंगाच्या अखेरीस 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' किंवा 'एका जनार्दनी' असे शब्द येतात, तेव्हा कर्त्याचे नाव रचनेच्या अंगातच विणले जाते. अभंग दिंडीत म्हणा, भजनात म्हणा, की शेतात एकट्याने म्हणा, शेवटचे चरण म्हटले की कर्ता आपोआप उच्चारला जातो. त्यासाठी ग्रंथाचे मुखपृष्ठ लागत नाही, निवेदक लागत नाही. शाहिरांनीही हाच मार्ग पत्करला. होनाजी आणि राम जोशी यांची नावे त्यांच्या रचनांतूनच आपल्यापर्यंत आली. उर्दू गझलेतील तखल्लुस आणि ख्यालाच्या बंदिशीतील 'सदारंग' ही त्याच कुळातली. मौखिक परंपरेत रचना हातोहात फिरते व तिच्यावरचे वेष्टन गळून पडते. तेव्हा नाव वेष्टनावर न लिहिता मालावरच कोरावे, असा हा व्यवहार आहे. अर्थात मुद्रा म्हणजे कर्तृत्वाचा निर्णायक पुरावा नव्हे. नामदेवांच्या गाथेत उत्तरकालीन विष्णुदास नाम्याच्या रचना मिसळल्या, आणि तुकारामांच्या मुद्रेखाली इतरांचे अभंग शिरले. त्यांचा निवाडा करण्यात संशोधकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. पण असा गोंधळ होण्यासाठीसुद्धा नाव आधी टिकावे लागते. जात्यावरच्या ओवीत तेही टिकलेले नाही. तेथे भाऊ, माहेर, विठ्ठल या सर्वांची नावे येतात, रचणाऱ्या बाईचे तेवढे येत नाही.

भावगीताने नाममुद्रा का टाकली? छापखाना आल्यामुळे तिची गरज संपली, हे उत्तर अपुरे आहे; कारण भावगीत पसरले ते छापील पानावरून नव्हे, तर कानांवाटे. खरे कारण रचनेच्या स्वरूपात आहे. भावगीतातील 'मी' हा कोणाचाही 'मी' असतो. 'शीळ' या कवितेतील बोल एका स्त्रीचे आहेत. ती आपल्या मनातले सांगते आहे असे श्रोत्याला वाटले पाहिजे, आणि शेवटी मेहकरच्या वकिलाचे नाव आले तर तो भ्रम तत्क्षणी मोडेल. लावणीतही बोलणारी स्त्री आणि रचणारा पुरुष असतो व तरीही शेवटी शाहिराचे नाव येते, असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु लावणी ही फडावर, समोरासमोर सादर होणारी कला आहे. हे सोंग आहे ही जाणीव तेथे कोणीच लपवीत नाही. भावगीताला एकांताचा आभास लागतो. तो आभास विकत घेताना कवीने आपले नाव किंमत म्हणून मोजले, असे म्हणावयास हरकत नाही.

याच सुमारास दुसऱ्या बाजूने ध्वनिमुद्रिकेने गायकाचे नाव पक्के केले. १९०२ साली कलकत्त्यास भारतातील पहिली ध्वनिमुद्रणे झाली, तेव्हा गौहर जान गाण्याच्या अखेरीस आपले नाव उच्चारीत असे. मुद्रिका जर्मनीत तयार होत, आणि तेथल्या कारागिरांना कोणाचे गाणे कोणते हे कळावे, हा त्यामागचा व्यावहारिक हेतू होता. परिणाम मात्र मोठा झाला: शब्दकर्त्याची मुद्रा सुटली आणि गाणाऱ्याची मुद्रा बसली. पुढे उच्चारलेल्या नावाची जागा मुद्रिकेवरील कागदी चकतीने घेतली. ग्राहक गाणे मागे ते गायकाच्या नावाने. नभोवाणीवर गायकाबरोबर गीतकाराचेही नाव सांगितले जावे यासाठी साहिर लुधियानवी यांच्यासारख्या कवीला आग्रह धरावा लागला, यावरूनच मूळ प्रथा काय असेल ते उघड होते.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे गीतगौरवाच्या कार्यक्रमाचे खरे कार्य कळते. जी मुद्रा रचनेत राहिली नाही ती तो बाहेरून बसवितो. आणि हे काम केवळ फलकावर कवीचे नाव लिहून होत नाही. ते गायकांच्या संख्येमुळे होते. एकच गायक दहा गीते गातो तेव्हा त्या दहांना जोडणारा धागा त्याचा आवाज असतो. दहा गायक एकेक गीत गातात तेव्हा आवाज बदलत जातो, चाल बदलत जाते, वाद्यमेळही बदलतो. न बदलणारी अशी एकच गोष्ट उरते, आणि ती म्हणजे शब्दांमागचे मन. कोणती प्रतिमा या कवीला पुन्हापुन्हा मोहविते, तो वाक्य कोठे तोडतो, क्रियापद कोठे ठेवतो, हे श्रोत्याला नकळत जाणवू लागते. नामवंतांचा मेळा हा पुष्कळांना निव्वळ जाहिरातीचा भाग वाटतो. तो जाहिरातीचा भाग असतोच. पण एका आवाजाची मालकी मोडण्याचे तेच साधनही आहे.

'गीतरामायणा'चा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर ग. दि. माडगूळकरांची ही ५६ गीते आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झाली. सुधीर फडके यांनी त्यांना चाली दिल्या. गाणारे मात्र अनेक होते, त्यांत माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशी नावे होती. पुढे फडक्यांनी एकट्याने ही गीते गावोगाव गाइली आणि आजच्या श्रोत्याच्या कानांत त्यांचाच आवाज आहे. तरीही 'गीतरामायण' म्हटले की माडगूळकरांचे नाव प्रथम येते. कथेचे अखंडत्व हे याचे एक कारण. पहिल्या प्रसारणातील आवाजांची विविधता हे दुसरे असू शकेल.

परदेशातही हा प्रकार अपरिचित नाही. अमेरिकन गीतकार वुडी गथ्री १९६७ साली वारला. जानेवारी १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बॉब डिलन व इतर गायकांनी त्याची गीते गाइली. गथ्रीची काही गीते इतकी सर्वतोमुखी झाली होती की ती लोकगीतेच वाटावीत, म्हणजे आपल्या ओवीप्रमाणे निनावी होण्याच्या मार्गावर होती. ऑक्टोबर १९९२ मध्ये त्याच शहरात स्वतः डिलनचा असाच गौरव झाला. मराठीत अल्फा मराठी वाहिनीने 'नक्षत्रांचे देणे' या नावाखाली एकेका कवीच्या वा संगीतकाराच्या गीतांचे कार्यक्रम दाखविले, आणि पुढे गावोगावच्या संस्थांना त्यातून एक नमुना मिळाला. ते नाव आरती प्रभूंच्या काव्यसंग्रहाचे आहे, हे किती प्रेक्षकांना ठाऊक होते कोण जाणे.

येथवर कार्यक्रमाच्या बाजूने सांगितले. आता त्याची दुसरी बाजू पाहावयास हवी, कारण कवीचे नाव परत मिळते तेव्हा त्याचे शब्द परत मिळतातच असे नाही. जुन्या ध्वनिमुद्रिकेची एक बाजू साधारण तीन-सव्वातीन मिनिटांत संपे. कविता त्याहून लांब असेल तर कडवी गाळावी लागत. उरलेल्या कडव्यांचा क्रम चालीच्या सोयीने ठरे. गौरवाच्या कार्यक्रमात गायक बहुधा ध्वनिमुद्रिका ऐकून गीत बसवितो, संग्रह उघडून नव्हे. त्यामुळे तीन मिनिटांसाठी झालेली काटछाट, तीन तास चालणाऱ्या कार्यक्रमातही तशीच राहते. ऐकताना झालेली शब्दांची चूकही अशीच पुढे जाते. पोथीत लेखनिकाच्या हातून जसे पाठभेद होत तसे येथे कानांमुळे होतात.

उच्चाराचाही प्रश्न आहे. मात्रावृत्तात ऱ्हस्वाची एक व दीर्घाची दोन मात्रा धरतात. माधव जूलियन यांनी 'छन्दोरचना' या ग्रंथात त्याची शास्त्रशुद्ध मांडणी केली आहे. बोलताना मराठी माणूस शब्दान्तीचा 'अ' उच्चारीत नाही. वृत्तात मात्र त्याची मात्रा मोजली जाते व गाण्यात तो पुष्कळदा पुन्हा प्रकट होतो. 'शीळ' हाच शब्द घेतला तर बोलताना ते एकच अक्षर आहे, वृत्तात तीन मात्रांची दोन अक्षरे आहेत, आणि गाताना गायक ताण घेतो तो 'ई'वर, कारण 'ळ' हा जिभेच्या एका फटकाऱ्याने संपणारा वर्ण असून तो लांबविता येत नाही. आणखी एक गंमत अशी की जिल्ह्याच्या वऱ्हाडी बोलणाऱ्या भागात 'ळ'चा 'य' होतो. 'डोळा' तेथे 'डोया' आणि 'काळा' तेथे 'काया'. त्या नियमाने 'शीळ'ची 'शीय' व्हावयास हवी. कवीने लिहिले ते प्रमाण मराठीत आणि गायकांनी गाइले तेही त्याच उच्चाराने. याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण बुलढाण्यातील एखादा श्रोता हे गीत स्वतःशी गुणगुणतो तेव्हा तो कोणता वर्ण उच्चारतो, याची नोंद करण्यास गीतगौरवाचा कार्यक्रम ही उत्तम जागा आहे, आणि ती आजवर दुर्लक्षित राहिली आहे.

कायद्याने कवीचा पक्ष पुष्कळ अंशी मान्य केला आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमातील कलम ५७ प्रमाणे कर्त्याला आपले कर्तृत्व सांगण्याचा आणि आपल्या रचनेच्या मानहानिकारक विपर्यासास हरकत घेण्याचा अधिकार आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराचा मानधनातील वाटाही सुरक्षित केला. स्वामित्वहक्क कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. देशपांडे यांच्या बाबतीत ही मुदत २०६० साली संपेल. परंतु गळालेले कडवे कायदा परत आणून देत नाही.

आणि गाण्यात जे कधीच आले नाही त्याचे काय? 'शीळ'नंतर देशपांडे यांचे 'अभिसार' (१९६३), 'खूणगाठी' (१९८५), 'गुंफण' व 'कंचनीचा महाल' (दोन्ही १९९६) हे संग्रह प्रसिद्ध झाले. त्यांपैकी 'खूणगाठी'ला १९८६ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या कवितेला चाली मिळत राहिल्या. राम फाटक यांनी स्वरबद्ध केलेले आणि सुधीर फडके यांनी गाइलेले 'अंतरीच्या गूढ गर्भी' हे त्यांचेच. पण सर्व कविता गेय नसते, आणि गेय नसलेली कविता गीतगौरवात बसत नाही. मेहकरच्या भग्न वास्तूच्या नावाची 'कंचनीचा महाल' ही दीर्घ कविता तीन मिनिटांत मावणारी नाही, तिला धृपद नाही, आणि एका दमात ती कोणी गाऊही शकणार नाही. तिच्यासाठी दोन गीतांमध्ये वाद्ये थांबवावी लागतील आणि कोणीतरी पुस्तक हातात घेऊन ती वाचावी लागेल.