वासोट्याच्या वाटेवर : एक वनौषधी-अभ्याससहल

द्रव्यगुणाच्या अभ्यासात ग्रंथ, संग्रहालय आणि वन अशी तीन गुरुस्थाने मानली जातात. यांतील पहिली दोन आपण विद्यार्थिदशेत जवळ करतो. तिसरे मात्र व्यवसायाच्या धबडग्यात मागे पडते ते पडतेच. ही उणीव थोडी तरी भरून निघावी, या हेतूने आम्ही चौदा वैद्य व औषधनिर्माते गेल्या डिसेंबरात एक दिवस वासोट्याला जाऊन आलो. त्या दिवसाचा हा वृत्तांत.

साताऱ्याहून पहाटेच निघालो. कासचे पठार मागे टाकून बामणोलीस पोहोचलो, तेव्हा शिवसागर जलाशयावर धुके पसरलेले होते. वासोटा हा कोयना अभयारण्याच्या अंतर्भागात आहे. हे अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. पुढे २०१० साली ते आणि दक्षिणेकडील चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या स्थळांना जागतिक वारशाचा मान लाभला, त्यांत कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी यांचा समावेश आहे. साहजिकच येथे शिस्त कडक आहे. वनखात्याची परवानगी काढावी लागते, मुक्कामास मनाई आहे, आणि पावसाळ्यात प्रवेश बंद असतो. नावेने तास-दीड तासात मेट इंदवलीच्या काठास लागलो. चौकीवर पाण्याच्या बाटल्यांची आणि प्लॅस्टिकच्या वस्तूंची मोजदाद करून अनामत ठेवून घेतली गेली. परतताना तितक्याच वस्तू दाखवावयाच्या, हा नियम आम्हा सर्वांना फार आवडला.

आमच्याबरोबर वाटाड्या म्हणून एक वृद्ध गृहस्थ होते. सारे त्यांना मामा म्हणत. त्यांचे मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलेले. भाऊबंद सोलापूर, रायगडकडे पुनर्वसनात विखुरले, हे मात्र खोऱ्यातच राहिले. गोपाळ, अजपाल आणि वनचर यांना वनस्पतींची नावे व रूपे ठाऊक असतात, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात नमूद केले आहे. त्या वचनाचा जिवंत प्रत्यय आम्हांस पुढचे चार तास येत राहिला.

पायथ्याच्या मारुतीला नमस्कार करून ओढा ओलांडला आणि दाट सदाहरित रान सुरू झाले. अंजनी, जांभूळ आणि पिसा हे इथले प्रमुख वृक्ष. मधूनमधून कारवीची दाटी. वरच्या फांद्यांवर शेकरूचा आवाज चालू होता. एका उघड्या जागी मामा थांबले आणि काटेरी, लहानशा झाडाकडे बोट करून म्हणाले, "हा गेळा." फांदीवर पिवळसर फळे होती. आमच्यातील तरुण वैद्यांपैकी निम्म्यांनी मदनफळ केवळ बाटलीत पाहिले होते! कल्पस्थानाचा आरंभच मदनफळकल्पाने होतो. देश, काल, संग्रहविधी यांचे विवेचन आचार्यांनी याच निमित्ताने केले आहे. वसंत आणि ग्रीष्म यांच्या मधल्या काळात ही फळे घ्यावीत, मुळे ग्रीष्मात वा शिशिरात आणि त्वचा, कंद शरदात घ्यावेत, हा क्रम आम्ही त्या झाडाखाली उभे राहून पुन्हा उजळला. आज आपल्यापैकी किती जण माल घेताना तो कोणत्या ऋतूत काढला, हे विचारतात?

पुढे खडी चढण लागली. एका वळणावर मामांनी जमिनीलगत छाटलेला एक जुना बुंधा दाखविला. "नरक्या," एवढेच ते म्हणाले. फुलांच्या दुर्गंधीमुळे हे नाव पडलेला हा वृक्ष आपल्या संहितांतील नव्हे. परंतु त्याची कथा आपण लक्षात ठेवावी अशी आहे. मूळचे नंदुरबारचे शास्त्रज्ञ मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी १९६६ साली एका चिनी वृक्षापासून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. १९७२ साली तेच द्रव्य आपल्या नरक्यात आढळले. त्यापासून सिद्ध केलेली औषधे जगभर वापरात आली, आणि इकडे सह्याद्रीत नरक्याच्या लाकडाची चोरटी तोड सुरू झाली. मुळांतही हे द्रव्य भरपूर असल्याने झाडे समूळ उपटली गेली. रोग्यास जीवन देणारे द्रव्यच त्या वृक्षाच्या मुळावर आले.

मामांनी सहज विचारले, "डॉक्टरसाहेब, हे तुम्हीच लोक घेता ना?" आम्ही घाईघाईने नाही म्हटले. उत्तर खरे होते, तरीही मन खट्टू झाले. कारण काही वर्षांपूर्वी माझ्याच औषधनिर्मितीशाळेत वावडिंगाची पोती आली होती. तपासणीत त्यांत भलतीच फळे भरपूर निघाली. खऱ्या वावडिंगाचा वेल रानात दुर्मीळ झाला, म्हणून त्याच्या जातभाईंची फळे त्याच नावाने बाजारात येतात, हे मला तेव्हा कळले. त्याआधीची कित्येक वर्षे मी भाव विचारला, गाव कधीच विचारले नाही.

दुपारी गडावर पोहोचलो. बिनछपराचा मारुती, पाण्याची टाकी, महादेवाचे मंदिर आणि समोर काळजाचा ठोका चुकविणारा बाबूकडा. पश्चिमेस कोकण, खाली निबिड अरण्य. व्याघ्रगड हे शिवकालीन नाव सार्थ वाटावे असेच हे स्थान आहे. १६६० साली हा गड स्वराज्यात आला. पेशवाईच्या उत्तरार्धात ताई तेलिणीने बापू गोखल्यांच्या सैन्याविरुद्ध तो सुमारे आठ महिने लढविला. १८१७ मध्ये पकडलेले दोन इंग्रज अधिकारी येथे कैदेत होते; १८१८ च्या एप्रिलात गड पडला तेव्हा ते सुटले. माणसांनी एकेकाळी ज्याच्यासाठी रक्त सांडले, तो गड आज रानाने आपल्या कुशीत घेतला आहे. भाकरी, पिठले आणि ठेचा खाऊन अर्ध्या-पाऊण तासात उतरू लागलो, कारण सायंकाळपूर्वी नाव गाठणे आवश्यक होते.

आता एक कबुली. उतरताना एका हिरड्याखाली पक्व फळे पडलेली दिसली. बाजारातले बाळहिरडे आणि सुरवारी हिरडे नित्य हाताळणाऱ्या मला तो मोह आवरला नाही. विद्यार्थ्यांस दाखविण्यासाठी म्हणून पाच-सहा फळे मी पिशवीत टाकली. चौकीवर बाटल्या मोजताना ती वनरक्षकाच्या दृष्टीस पडली. तो तरुण अत्यंत नम्रपणे म्हणाला, "साहेब, पडलेलं फळसुद्धा रानाचंच. सांबर-भेकरं खातात, राहिलेल्यातून रोप येतं." मी फळे काढून त्याच्या हाती दिली. अभयारण्यातून काहीही उचलणे कायद्याने वर्ज्य आहे, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. माझ्या हेतूपुढे नियम लहान वाटला, एवढेच. प्रत्येक तोड करणाराही स्वतःस असेच काहीतरी सांगत असेल!

परतीच्या नावेत सर्वांनी मिळून काही गोष्टी ठरविल्या, त्या वैद्यबंधूंपुढे ठेवतो. कच्चा माल घेताना तो कोठून, कोणत्या ऋतूत व कोणत्या पद्धतीने आला, याची नोंद मागावी. मूळ किंवा साल वापरली जाणारी द्रव्ये शक्यतो लागवडीचीच घ्यावीत आणि शेतकऱ्यास आगाऊ खरेदीची हमी द्यावी, कारण हमीवाचून कोणी दहा वर्षांचे झाड लावीत नाही. प्रत्येक औषधनिर्मात्याने आपल्या आवारात निदान पाच वृक्ष लावावेत. आणि वर्षातून एक दिवस तरी, रिकाम्या पिशवीने, रानात जावे.

निरोप घेताना मामा म्हणाले, "माझ्यामागं ही झाडं वळखनारं घरात कोन न्हाई." धरणाने गाव नेले, अभयारण्याने वहिवाट नेली. दोन्हींची गरज नाकारता येत नाही. पण त्या डोक्यातील ज्ञान आपल्या डोळ्यांदेखत जात आहे. पुढील सहलीस मामांना पुन्हा बरोबर घ्यावयाचे, त्यांनी सांगितलेली नावे व उपयोग लिहून घ्यावयाचे आणि त्या नोंदीवर त्यांचे नाव घालावयाचे, असे आम्ही ठरविले आहे. इच्छुकांनी शाखेशी संपर्क साधावा. इत्यलम्.