आजीबाईच्या बटव्यातले खरे-खोटे

रात्री अकराचा सुमार. दीड वर्षाच्या बाळाला चौथ्यांदा पातळ जुलाब झालेला असतो. सूनबाई वाटीत पाणी घेऊन येते, तोच सासूबाई अडवतात, "अगं, पाणी पाजू नकोस. पोटात काही गेलं की पुन्हा होईल." हा सल्ला मायेपोटीच दिलेला असतो, पण तो जिवावर बेतू शकतो. जुलाबात मूल दगावते ते बहुधा अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळेच.

गंमत अशी की, यावरचा उताराही स्वयंपाकघरातच असतो. मीठ-साखरेचे पाणी! इतका स्वस्त उपाय म्हणून सुशिक्षित घरांतही त्याला नाके मुरडली जातात. सलाईनची बाटली लटकली की मगच उपचार झाल्यासारखे वाटते. वास्तविक साखरेतले ग्लुकोज आणि मिठातले सोडियम बरोबर पोटात गेले, तर आतडे दोन्ही एकदम शोषून घेते व त्यांच्यामागोमाग पाणीही रक्तात जाते. बहुतेक जुलाबांत आतड्याची ही शक्ती शाबूत राहते.

त्याची कसोटी लागली १९७१ मध्ये. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांमध्ये पश्चिम बंगालच्या बनगाव येथे कॉलरा पसरला. सलाईनचा साठा अपुरा पडला. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते, ते ४ टक्क्यांच्याही खाली आले. या डॉक्टरांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

मात्र येथे 'अंदाजपंचे' चालत नाही. उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर बाळाला अपाय होतो, साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. औषधाच्या दुकानातली जलसंजीवनीची पुडी मिळाली तर तीच घ्यावी. तिच्यात पोटॅशियमही असते. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. डोळे खोल गेले, लघवी होईना, मूल मलूल पडले किंवा शौचात रक्त दिसले, तर मात्र तडक डॉक्टरांकडे न्यावे.

खोकल्यावरच्या मधाची बाजूही भक्कम आहे. २००७ साली अमेरिकेत १०५ मुलांवर झालेल्या चाचणीत झोपण्यापूर्वी मध दिलेल्या मुलांना, काहीही न दिलेल्या मुलांपेक्षा रात्री अधिक आराम पडला. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचे बोटही चाटवू नये. मधात कधीकधी असे जिवाणू-बीज असते की, जे मोठ्यांना बाधत नाही. तान्ह्याच्या आतड्यात मात्र वाढून विष तयार करते आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. बारशाच्या दिवशी मध चाटवण्याची हौस असणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आणि भाजल्यावर टूथपेस्ट, शाई, तूप? छे! या लेपांनी उष्णता आतच कोंडते आणि जखम तपासताना डॉक्टरांना ते खरवडून काढावे लागतात. नळाच्या साध्या, वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे हात धरावा. बर्फ नको. अंगठी-बांगडी आधी काढून ठेवावी, सूज आल्यावर ती निघत नाही.