आभाळ आटत गेलं तशी माणसं उजळली

१८६२ च्या सुमारास फ्रेंच चित्रकार यूजीन बूदँ नॉर्मंडीतल्या त्रूव्हीलच्या किनाऱ्यावर माणसं रंगवू लागला. तोवर समुद्राचं चित्र म्हटलं की जहाजं, वादळं, नाहीतर कोळी. बूदँनं घेतली ती पॅरिसहून हवापालटाला आलेली श्रीमंत मंडळी: घेरदार झगे, छत्र्या, लाकडी खुर्च्या, कुत्री. पुढच्याच वर्षी रेल्वे तिथवर पोचली आणि किनारा गजबजून गेला.

त्याच्या बहुतेक चित्रांत क्षितिज खाली असतं. वर भरपूर आभाळ, खाली माणसांची अरुंद पट्टी. चेहरे जवळजवळ नाहीतच. एक तांबडा फटकारा म्हणजे शाल. तरी वारा कुठून येतोय ते कळतं, कारण सगळे झगे एकाच बाजूला फुगलेले असतात. १८६७ मध्ये ब्रिटनीतल्या कष्टकऱ्यांना पाहून परतल्यावर त्याला या ऐषारामी गर्दीचा वीट आला होता. पण वर्षभरातच त्यानं पत्रातून तिची बाजू घेतली: मावळतीकडे फिरायला निघालेल्या मध्यमवर्गीयांनाही चित्रात जागा मिळाली पाहिजे. मला बूदँचं मोठेपण या पत्रात दिसतं.

ल हाव्रमध्ये व्यंगचित्रं काढणाऱ्या पोरसवदा क्लोद मोनेला उघड्यावर रंगवायला त्यानंच नेलं होतं. जून १८७० मध्ये मोनेनं कामीयशी लग्न केलं आणि त्या उन्हाळ्यात दोघं आपल्या छोट्या मुलाला, झाँला घेऊन त्रूव्हीलला आली. बूदँही सपत्नीक तिथं होता. जुलैत फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं. त्या युद्धाची चाहूलही न लागणारी काही लहान चित्रं मोनेनं याच वाळूवर केली.

त्यांतलं एक लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. दोन स्त्रिया, मध्ये रिकामी खुर्ची. डावीकडची बहुधा कामीय. तिचा पांढरा झगा जाड, ओल्या रंगाच्या मोजक्या फटकाऱ्यांत उभा केलाय आणि फटकाऱ्यांच्या मधून कॅनव्हासचा फिकट राखाडी अस्तर-रंग तसाच दिसू दिलाय. उघड्यावर काम करताना खालचा थर वाळायची वाट बघता येत नाही. ओल्यावर ओला रंग चढवायचा, तर हात हलका हवा. दुसऱ्यांदा घोटलं की रंग एकमेकांत मिसळून चिखल होतो. इथे मोने एकदा ठेवलेला फटकारा पुन्हा शिवत नाही. या चित्राच्या रंगात वाळूचे कण अडकलेले सापडले आहेत. रंग ओला असताना वाऱ्यानं आणून टाकलेले. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानं पत्र्याची रंगाची ट्यूब आणली नसती, तर तैलरंग इतक्या सहज समुद्रावर पोचलेच नसते.

मोनेच्या या चित्रात आभाळ बूदँपेक्षा खूप आक्रसलंय आणि माणसं पुढे आली आहेत. १८७४ च्या पहिल्या दृक्प्रत्ययवादी प्रदर्शनात गुरू-शिष्य दोघंही होते. कामीय १८७९ मध्ये गेली. १८९७ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, म्हाताऱ्या बूदँनं मोनेला पत्र लिहून तो उन्हाळा, बिचारी कामीय आणि वाळूत खेळणारा झाँ यांची आठवण काढली.

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या होआकिन सोरोयानं ही वाट आणखी पुढे नेली. तो किनाऱ्यावर भलेमोठे कॅनव्हास उभारायचा. १९०९ च्या ‘समुद्रकाठची फेरी’ या त्याच्या चित्रात त्याची बायको क्लोतील्दे आणि मुलगी मारिया चालताहेत. चित्र सुमारे दोन मीटर उंचीचं, आणि त्यात क्षितिज नाहीच. मागे फक्त पाणी आणि वाळू. दोघींचे झगे पांढरे, पण निव्वळ पांढरा रंग त्यांत फार थोडा: घड्यांत निळा आणि जांभळा, उन्हाच्या बाजूला पिवळसर. समुद्रकाठी सावली काळी पडत नाही. वरचं आभाळ तिला निळसर करतं, खालची तापलेली वाळू तिच्यात ऊब मिसळते. सोरोयानं आभाळ चौकटीबाहेर ठेवलं, पण त्याचा रंग या दोघींच्या कपड्यांवर जागोजागी आहे.